एका अक्षरावर घातलेली बंदी

दोन देशांच्या तहात एखाद्या अक्षरावर बंदी घातल्याचं कधी ऐकलंय का? प्रदेश देणं-घेणं, खंडणी, बंदरं, जकात, हे सगळं तहात असतं. पण 'आमच्याबद्दल लिहिताना अमुक एक अक्षर वापरायचं नाही' असं स्वतंत्र कलम?

असं कलम आहे. २६ जून १८५८ रोजी चीन आणि ब्रिटन यांच्यात त्यानजिनला तह झाला. एकूण ५६ कलमं. त्यातलं ५१ वं कलम सांगतं की यापुढे चिनी सरकारच्या कुठल्याही अधिकृत कागदात, राजधानीत असो की प्रांतात, ब्रिटिश राणीच्या सरकारला किंवा प्रजेला उद्देशून 'यी' हे अक्षर वापरायचं नाही. तहाच्या इंग्रजी मसुद्यात ते चिनी अक्षर जसंच्या तसं छापलंय आणि त्याच्या शेजारी अर्थ दिलाय, 'बार्बेरियन'. म्हणजे आपल्या भाषेत रानटी, असंस्कृत, क्रूर.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, बरोबरच आहे की. कुणी आपल्याला रोज सरकारी कागदात 'रानटी' म्हणत असेल तर राग येणारच. पण मग या अक्षराच्या मागे थोडं फिरलो, आणि प्रकरण वाटलं तितकं सरळ निघालं नाही. थोडं लांबण लागेल, पण वाचा.

आधी 'यी' म्हणजे काय ते बघू. फार जुना शब्द आहे. चीनच्या पूर्वेकडे राहणाऱ्या लोकांसाठी तो वापरला जाई. जुना चिनी शब्दकोश या अक्षराची फोड 'माणूस' आणि 'धनुष्य' अशी करतो. पूर्वेकडचे यी, पश्चिमेकडचे रोंग, दक्षिणेकडचे मान, उत्तरेकडचे दी, अशी चार दिशांची चार नावं. पुढे पुढे 'यी' सगळ्याच बाहेरच्या लोकांना लागू झाला. त्यात आपण आत, ते बाहेर. आपण मोठे, ते धाकटे हा भाव होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण 'बाहेरचा' आणि 'रानटी' यात फरक आहे की नाही? आपल्याकडे 'परप्रांतीय' शब्दात काय काय भरलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तरी त्याचं इंग्रजी भाषांतर कुणी 'सॅव्हेज' असं केलं तर आपणच म्हणू की बाबा, हे जरा जास्त झालं.

चिनी परंपरेतच या शब्दाला एक मोठी आडकाठी होती. मेन्शियस हा कन्फ्यूशियसच्या खालोखाल मानला जाणारा तत्त्वज्ञ. त्यानं लिहून ठेवलंय की आदर्श राजा शुन हा पूर्वेकडचा यी होता, आणि झोऊ घराण्याचा वेन राजा पश्चिमेकडचा यी. म्हणजे ज्यांना चिनी लोक आदर्श मानतात तेच दोघे 'यी'! आपल्याकडे कुणी जुन्या ग्रंथाचा दाखला देऊन म्हणावं की जनक राजा म्लेच्छ होता, तसं काहीसं.

याचा फायदा कुणी उठवला? दस्तुरखुद्द चीनच्या बादशहानं. कारण त्या वेळी चीनवर राज्य करणारं छिंग घराणं मुळात चिनी नव्हतंच. ते मांचू, ईशान्येकडून आलेले. जुन्या मिंग घराण्याला मानणारे विद्वान त्यांना मनातल्या मनात, आणि कधी कधी कागदावरही, 'यी' म्हणत. १७२८ साली झेंग जिंग नावाच्या एका शिक्षकानं एका सेनापतीला चिथावलं, की या परक्यांविरुद्ध बंड कर. तो पकडला गेला. योंगझेंग बादशहानं त्याचं डोकं उडवायचं सोडून त्याच्याशी लेखी वाद घातला, आणि तो वाद पुस्तक करून देशभर वाटला! मुद्दा काय, तर 'यी' ही फक्त जागेची खूण आहे. कोण कुठून आला एवढंच ती सांगते. शुन राजा पण यीच होता, मग मी राज्य करायला नालायक कसा? एवढ्यावर तो थांबला नाही. छापील पुस्तकांत 'यी' सारखी अक्षरं गाळणाऱ्या किंवा बदलून टाकणाऱ्या लोकांना त्यानं फर्मान काढून दम भरला. अक्षर लपवता याचा अर्थ तुम्ही त्याला शिवी समजता, असा त्याचा रोख. (त्याचा मुलगा छियानलोंग गादीवर आल्यावर झेंग जिंगला मारलं आणि बापाचं पुस्तकही जप्त केलं, ही पुढची गोष्ट. बापाची उदारता मुलाला झेपली नाही.)

तर हे सगळं अठराव्या शतकात झालं होतं. इंग्रज तेव्हाही कँटनमध्ये व्यापार करत होते आणि चिनी कागदांत 'यी व्यापारी' असा त्यांचा उल्लेख होत होता. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक त्याचं भाषांतर 'फॉरेनर' करत. रॉबर्ट मॉरिसन हा चीनमधला पहिला प्रोटेस्टंट मिशनरी, कंपनीचा दुभाषा. त्यानं १८१५ पासून चिनी-इंग्रजी कोश छापायला घेतला, मकावमध्ये. तो सुरुवातीचा मोठा आधारग्रंथ. त्यातही 'यी माणूस' म्हणजे 'फॉरेनर'च.

मग बदललं काय? अक्षर तेच, चिनी कारकून तेच. बदलला तो व्यापार.

१८३३ च्या कायद्यानं कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी संपवली, १८३४ पासून. आता खाजगी व्यापाऱ्यांना रान मोकळं. जार्डिन, मॅथेसन ही मंडळी पुढे आली. त्यांना कँटन हे एकच बंदर नको होतं. वर शांघाय, निंगबो सगळीकडे माल न्यायचा होता. आणि माल कुठला, हे मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. माळव्याची अफू मुंबईच्या धक्क्यावरून चढायची. सर जमशेटजी जीजीभॉय हे जार्डिनचे जुने दोस्त आणि व्यवहारातले भागीदार. दोघांची ओळख १८०५ साली 'ब्रन्सविक' जहाजावर झालेली. जार्डिन तेव्हा जहाजावरचा डॉक्टर होता. आज जे.जे. रुग्णालय, जे.जे. कला महाविद्यालय आपण कौतुकानं बघतो. बघावंच. त्या पैशाचा एक मोठा झरा कुठून आला हेही माहीत असावं, एवढंच.

तर १८३२ साली ह्यू हॅमिल्टन लिंडसे हा कंपनीचा माणूस 'लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट' नावाच्या जहाजातून उत्तरेची बंदरं चाचपायला निघाला. बरोबर दुभाषा म्हणून गुत्स्लाफ हा जर्मन मिशनरी. हा गुत्स्लाफ नंतर अफूच्या जहाजावरही दुभाषा म्हणून गेला आणि तिथून धार्मिक पुस्तकंही वाटली. असो. जहाज शांघायला पोचलं. तिथला मोठा अधिकारी, आपल्याकडच्या विभागीय आयुक्तासारखा म्हणा, वू छिताय नावाचा. त्याच्या हुकमात नेहमीप्रमाणे 'यी' आलं. लिंडसेनं ते अडवलं. आमचा देश मोठा, आम्ही यी नाही, हा अपमान आहे.

वू छितायला आधी कळेना हा माणूस चिडला का. त्यानं तेच जुनं उत्तर दिलं. अहो, शुन राजा पूर्वेचा यी होता, यात अपमान कसला? तर इंग्रजांकडून प्रत्युत्तर आलं ते सू दोंगपो या अकराव्या शतकातल्या मोठ्या कवीच्या निबंधातलं, ज्यात यी लोकांना चीनच्या पद्धतीनं चालवता येत नाही असा भाव आहे. म्हणजे बघा, शांघायच्या किनाऱ्यावर एक चिनी अधिकारी आणि परदेशी व्यापारी चिनी अभिजात वाङ्मयातून एकमेकांवर दाखले फेकताहेत! शेवटी वू छितायनं कटकट नको म्हणून 'यी'च्या जागी 'व्यापारी' असं लिहून दिलं. लिंडसे विजयी मुद्रेनं परतला आणि त्यानं हा प्रसंग अहवालात नीट नोंदवला.

माझ्या मते घोळाची सुरुवात इथे झाली. लिंडसेला शब्द कळला नव्हता असं नाही. उलट, शब्दाला दोन बाजू आहेत हे दोघांनाही दिसलं होतं. लिंडसेनं त्यातली वाईट बाजू निवडली, कारण ती उपयोगाची होती. अपमान झाला असेल तर भरपाई मागता येते. नुसता परका म्हणवून घेण्याची भरपाई कोण देणार?

दोन वर्षांनी याचा पुढचा अंक. कंपनी गेली, म्हणून ब्रिटिश सरकारनं व्यापारावर देखरेखीसाठी लॉर्ड नेपियर याला पाठवलं. जुलै १८३४ मध्ये तो मकावला उतरला आणि परवानगी न घेता थेट कँटनला गेला. तिथला सुभेदार लु कुन. परदेशी माणसानं आधी मकावमध्ये थांबावं, परवाना घ्यावा, अर्ज हाँग व्यापाऱ्यांमार्फत द्यावा, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. नेपियर म्हणाला, मी राजाचा अधिकारी, मी अर्ज करत नाही, पत्र देतो. शहराच्या दारात त्याचं पत्र कुणी हातात घेईना.

लु कुनच्या हुकमांत नेपियरचा उल्लेख 'यी मु' असा होता. आता 'मु' या अक्षराचा एक अर्थ डोळा. दुसरा अर्थ म्होरक्या, प्रमुख. 'यी मु' म्हणजे परक्यांचा प्रमुख, इतकं साधं. मकावमधल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना चिनी कागदांत कित्येक वर्षं हेच म्हटलं जात होतं. पण नेपियरसमोर जे इंग्रजी आलं ते काय होतं? 'बार्बेरियन आय'. रानटी डोळा!

विचार करा, कुणी आपल्या 'मुख्याध्यापक' शब्दाची फोड करून साहेबाला सांगितलं, की मुख म्हणजे तोंड, म्हणून हा 'तोंडाचा मास्तर', तर तो मास्तर काय म्हणेल? नेपियरच्या नावाचं चिनी अक्षरांत जे रूप झालं होतं, त्याचाही असाच शब्दशः अर्थ लावून सांगितला गेला, 'कष्टानं नीच'. नाव उच्चारानुसार लिहिलं होतं, अर्थानुसार नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानात अर्थ बसला.

यातली वाईट गोष्ट अशी की हे भाषांतर करणारा दुभाषा मॉरिसनच होता. ज्याच्या कोशात 'यी' म्हणजे 'फॉरेनर', त्याच्याच काळात, त्याच्याच कार्यालयातून 'बार्बेरियन' गेलं. आजारी होता तो. १ ऑगस्ट १८३४ ला कँटनमध्येच वारला. कामाचा भार वीस वर्षांच्या मुलावर आला.

नेपियरनं ऑगस्टमध्येच सुभेदाराच्या अज्ञानाबद्दल आणि हट्टाबद्दल चिनी भाषेत पत्रकं चिकटवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला लु कुननं व्यापार बंद केला. दोन ब्रिटिश युद्धनौका तोफा डागत नदीच्या मुखातून आत शिरल्या. आणि मग नेपियरला ताप चढला. त्याला मकावला परत न्यावं लागलं आणि ११ ऑक्टोबरला तो गेला. प्रकरण इथे विझलं असतं. पण 'रानटी डोळा' लंडनला पोचला होता. कँटनच्या ब्रिटिश व्यापाऱ्यांनी राजाकडे अर्ज केले की आमच्या प्रतिनिधीचा अपमान झाला, आरमार पाठवा.

या गोंगाटात एक आवाज वेगळा होता, आणि तो ऐकण्यासारखा आहे. सर जॉर्ज थॉमस स्टाँटन. हा माणूस १७९३ साली बारा वर्षांचा असताना मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर चीनला गेलेला. प्रवासातच चिनी शिकला आणि छियानलोंग बादशहाशी दोन वाक्यं बोलला. म्हाताऱ्या बादशहानं खूश होऊन कमरेची थैली काढून त्याला दिली. पुढे त्यानं छिंग राज्याच्या कायद्याचं इंग्रजी भाषांतर केलं. म्हणजे इंग्लंडमध्ये चिनी कळणारा याच्याइतका मोठा माणूस त्या वेळी क्वचितच. त्यानं १८३६ साली लिहिलं की 'यी'चं भाषांतर 'बार्बेरियन' करणं चूक आहे आणि घातक आहे, कारण त्यानं दोन देशांतली दरी वाढते. मॉरिसनचा कोश छापणारा छापखानेवाला थॉम्स यानंही पुढे असल्या भाषांतराविरुद्ध पुस्तिका लिहिली. म्हणजे त्या काळातल्या लोकांना चूक दिसली नाही, असं म्हणायची सोय नाही. दिसली, लिहिली, छापली.

पण हाच स्टाँटन एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटात उभा राहिला आणि त्यानं युद्धाच्या बाजूनं भाषण केलं. लिन झेशूनं जून १८३९ मध्ये हुमेनला वीस हजारांहून जास्त अफूच्या पेट्या चुना-पाण्यात विरघळवून समुद्रात सोडल्या होत्या, आणि आता प्रश्न पैशाचा आणि झेंड्याचा होता. त्या चर्चेत सरकारच्या बाजूनं मेकॉलेही बोलला. होय, तोच, १८३५ च्या टिपणाचा, आपल्या शिक्षणाच्या वादात ज्याचं नाव घेतल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. ग्लॅडस्टननं विरोध केला. सरकार २७१ विरुद्ध २६२ मतांनी वाचलं. नऊ मतं!

एकट्या 'यी' शब्दानं युद्ध झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे अति करतात. युद्ध अफूसाठी आणि बंदरांसाठी झालं. पण अफूसाठी युद्ध करतोय असं पार्लमेंटात उघड सांगणं अवघड असतं. तिथे अपमानाची फाईल उपयोगी पडते, आणि ती फाईल दुभाषांनी जाड केली होती.

या सगळ्यात मुंबईची आणखी एक खूण. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या जहाजावर सही झाला, ते 'कॉर्नवॉलिस' जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१३ साली. त्याच १८४२ साली जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली. आणि चिनी कागदांत मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांना काय म्हणत? त्यांच्या पांढऱ्या पगड्यांवरून 'पांढऱ्या डोक्याचे यी'. म्हणजे आपले लोकही 'यी'च होते. त्यांच्या अपमानाची चौकशी मात्र कुठल्या तहात झाली नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही लिंडसेसारखाच एक अर्थ उचलला असं होईल. 'यी'मध्ये तुच्छता नव्हतीच, असं म्हणणं बरोबर नाही. कोशातला अर्थ आणि तोंडातला अर्थ वेगळे असू शकतात. आपल्याला 'नेटिव्ह' शब्द आठवतो ना? कोशात बघा, मूळचा, इथलाच. 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' असं सभ्य संस्थेचं नाव होतं. पण गोरा माणूस 'नेटिव्ह' म्हणायचा तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना काय ऐकू यायचं ते कोशात सापडणार नाही. तसंच 'यी'चं. लिन झेशूच्या पिढीचे अधिकारी तो शब्द आदरानं लिहीत नव्हते. उलट, शेजाऱ्याला काय म्हणतो याचा त्यांना विचारच करावा लागला नव्हता, इतकी त्यांची खात्री होती की मध्यभागी आपणच. लिडिया लिऊ या अभ्यासिकेनं २००४ साली याच विषयावर 'द क्लॅश ऑफ एम्पायर्स' हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून यावर विद्वानांत वाद चालू आहे की शब्द मुळात किती तुच्छ होता आणि भाषांतरानं किती केला.

माझा मुद्दा वेगळा आहे. खरी शिवी होती तीही इंग्रजांना माहीत होती. कँटनच्या गल्लीत पोरंटोरं परदेशी माणसाला बघून 'फान क्वाय' ओरडायची. परदेशी भूत! याचं काय झालं? डाऊनिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८३८ साली तेच नाव पुस्तकाला दिलं. हंटर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्यानं १८८२ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकाला दिलं, चांगलं हसत-खेळत. म्हणजे रस्त्यावरची शिवी चालली. तिच्यावर कुणी कलम घातलं नाही. सरकारी कागदातला अर्धवट शब्द चालला नाही, कारण वाद शिवीचा नव्हता. वाद होता की कागदात कोण वरचढ.

तसं बघितलं तर 'बार्बेरियन' शब्दाचा जन्मही असाच. ग्रीक लोकांना परक्याची भाषा 'बर-बर' अशी ऐकू यायची, म्हणून तो 'बार्बारोस'. संस्कृतात 'बर्बर' आहे. 'म्लेच्छ'ही मुळात ज्याचा उच्चार अस्पष्ट, तो. म्हणजे ग्रीस, भारत सगळीकडे तोच प्रकार. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो रानटी. मराठी दप्तरांत मात्र इंग्रज, पोर्तुगीज, डच यांना सरसकट 'टोपीकर' म्हटलेलं सापडतं, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही. त्या प्रकरणात तर या टोपीकरांपासून सावध राहा असा स्पष्ट इशारा आहे. शब्द मात्र टोपीवर थांबला. त्यावर कुणी भांडावं तरी काय?

दुसऱ्या अफू युद्धाकडे येतो, म्हणजे सुरुवातीच्या त्या कलमाकडे. ऑक्टोबर १८५६ मध्ये 'अ‍ॅरो' नावाच्या जहाजावरून ठिणगी पडली. कँटनचा सुभेदार तेव्हा ये मिंगछेन. पार्लमेंटात कॉब्डेननं सरकारविरुद्ध ठराव आणला आणि मार्च १८५७ मध्ये सरकार हरलं. पामर्स्टननं निवडणूक लावली. आपल्या मतदारांना उद्देशून काढलेल्या पत्रकात त्यानं ये मिंगछेनचं वर्णन काय केलं? 'उद्धट बार्बेरियन'. निवडणूक जिंकला, झोकात.

पुन्हा वाचा. मार्च १८५७ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान छापील पत्रकात चिनी सुभेदाराला रानटी म्हणतो. जून १८५८ मध्ये त्या युद्धाच्या तहात चीनवर बंदी येते की आम्हाला रानटी म्हणायचं नाही. (तह झाला तोवर पामर्स्टनचं सरकार पडलं होतं, पण तह करणारा एल्गिन त्यानंच पाठवलेला.) आणि या तहात ५० वं कलम असं आहे की दोन्ही भाषांतल्या मजकुरात फरक पडला तर इंग्रजी मजकूर खरा मानायचा. म्हणजे ५० व्या कलमानं अर्थ ठरवायचा हक्क घेतला आणि लगेच ५१ व्या कलमात तो वापरला. यापुढे 'यी'चा अर्थ काय हे चिनी माणसालाही इंग्रजीत बघून ठरवावं लागणार! एल्गिनचे दुभाषे होते थॉमस वेड आणि होरेशियो नेल्सन ले. वेड तोच, ज्याच्या नावाची चिनी उच्चार लिहिण्याची पद्धत पुढे शंभर वर्षं जगभर चालली.

मध्ये एक आपलं पान आहे. एल्गिन सैन्य घेऊन चीनला निघाला होता तेव्हा सिंगापूरला त्याला कॅनिंगचा निरोप मिळाला, हिंदुस्थानात शिपाई उठलेत. चीनसाठीचं सैन्य कलकत्त्याकडे वळवलं गेलं. १८५७ नं चीनला काही महिने उसंत दिली, एवढंच. तिकडे ये मिंगछेन १८५८ च्या जानेवारीत पकडला गेला, त्याचं दप्तर इंग्रजांनी उचलून नेलं, आणि त्याला कलकत्त्याला आणून ठेवलं. तो १८५९ मध्ये तिथेच वारला.

१८६० मध्ये पेकिंगचा उन्हाळी राजवाडा आधी लुटला आणि मग एल्गिनच्या हुकमानं जाळला. चिन्यांनी वाटाघाटीला आलेल्या लोकांना पकडून हाल करून मारलं होतं, त्याचा सूड म्हणून. ते हालही खरे होते, हे सांगायला हवं. तिथून आणलेलं एक छोटं कुत्रं व्हिक्टोरिया राणीला भेट दिलं, आणि त्याचं नाव ठेवलं 'लूटी'. हा शब्द त्यांना कुठून मिळाला ते तुम्हाला माहीतच आहे. व्हिक्टर ह्यूगोनं दुसऱ्या वर्षी एका पत्रात लिहिलं की आम्ही युरोपीय स्वतःला सुसंस्कृत आणि चिन्यांना रानटी समजतो, आणि सुसंस्कृतांनी रानट्यांचं हे केलं. एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ साली धरमशाळेला वारला. त्याची कबर तिथे चर्चच्या आवारात आहे. फिरायला गेलात तर दिसेल.

आणि त्या अक्षराचं काय झालं? बाहेरच्या कागदांतून ते गेलं. चिनी कारकुनांनी 'यी'च्या जागी 'यांग' लिहायला घेतलं, म्हणजे समुद्र, समुद्रापलीकडचा. परदेशी कारभाराला 'यी-वू' म्हणत, त्याचं 'यांग-वू' झालं. पण दरबाराच्या आत परराष्ट्र व्यवहारांच्या कागदांचं एक मोठं संकलन चालू होतं. पहिला भाग १८५६ मध्ये बादशहापुढे ठेवला गेला, तहाच्या आधी. दुसरा १८६७ मध्ये. तिसरा १८८० मध्ये, म्हणजे बंदीनंतर बावीस वर्षांनी. तिन्ही मिळून २६० खंड. तिन्ही भागांचं नाव एकच, आणि त्या नावात 'यी-वू' आहे. इंग्रजांना ते वाचायला मिळणार नव्हतं.